शंभराच्या भांडवलावर आकाशाचा व्यापार

दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा पुण्याहून गावी आला. कॉलेजात शिकतो. येताना कपड्यांच्या पिशवीबरोबर लॅपटॉपही घेऊन आला. दुपारची जेवणे झाली की सोप्यात बसून त्याचा खेळ सुरू होई. काळाभोर पडदा, त्यावर पांढऱ्या रेघांची जहाजे, आणि दूरवर पसरलेले ठिपके. ते ठिपके म्हणजे तारे.

आमचे आबा शेजारीच पानाचा डबा घेऊन बसलेले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण नजर अजून शाबूत आहे. दोन दुपारी त्यांनी नुसते पाहिले. तिसऱ्या दुपारी त्यांना राहवले नाही.

"जिंकलास काय रं?"

"आबा, ह्यात जिंकायचं नसतं."

"मग हरायचं असतं?"

"तसंही नाही. जहाज फुटलं तर फुटलं. मागं जिथवर नोंद करून ठेवली असेल, तिथून पुन्हा सुरू करायचं."

"आणि ह्यो खेळ संपतो कधी?"

"संपत नाही आबा."

आबांनी पानाला चुना लावला, सुपारी घातली, घडी केली आणि तोंडात टाकण्यापूर्वी विचारले, "मग खेळायचा कशापायी?"

भाच्याला उत्तर सुचेना. खरे सांगायचे तर मलाही सुचले नाही. आपल्याकडे खेळ म्हटला की कुस्ती, कबड्डी, विटीदांडू, अगदी सारीपाटसुद्धा, कोणीतरी जिंकतो, कोणीतरी हरतो आणि मंडळी उठून घरी जातात. ज्याला शेवटच नाही तो खेळ माणसे वर्षानुवर्षे का खेळतात? भाचा खेळत होता तो खेळ तर १९८४ सालचा, म्हणजे त्याच्या जन्माच्या किती तरी आधीचा. जुन्या यंत्राची नक्कल करणारी सोय आता नव्या संगणकावर करता येते, तीवर तो चालला होता. सुट्टीभर त्याला विचारून आणि थोडे स्वतः वाचून जे समजले ते या पानावर मांडतो आहे. कारण आता गावोगाव मुलांच्या हाती यंत्रे आली आहेत, आणि आबांचा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जात असणार.

नाण्याचा खेळ

आधी थोडे मागे जाऊ. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ काढला. वरून शत्रूच्या रांगा खाली उतरतात, त्यांना खालून गोळ्या घालायच्या. अशा खेळांची यंत्रे दुकानांत, हॉटेलांत उभी असत. फटीत नाणे टाकले की खेळायला मिळे. बहुधा तीन 'जीव' दिलेले असत. ते संपले की खेळ संपला, पडद्यावर गुण दिसले, की पुढच्या गिऱ्हाइकाने नाणे टाकायचे.

यात मेख अशी, की खेळ लवकर संपणे ही मालकाची गरज होती. एकच पोरगा एका नाण्यावर दिवसभर उभा राहिला तर यंत्राचे भाडे कसे सुटणार? म्हणून दर घटकेला खेळ अवघड होत जाई आणि चारदोन मिनिटांत माणूस गारद होई. जत्रेतल्या पाळण्यासारखेच ते. पाळणेवाला पाच फेऱ्यांत उतरवतो, कारण खाली रांग उभी असते.

पुढे संगणक घरात आला. घरच्या यंत्राला नाणे लागत नाही, रांग नाही, भाडे नाही. तरीही खेळ मात्र तसेच निघत राहिले. तीन जीव, गुण, आणि पाचदहा मिनिटांत शेवट. कारण गेले तरी रीत राहिली. आपल्याही घरात अशा रिती थोड्याथोडक्या नाहीत.

ही रीत मोडली ती इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या दोन पोरांनी. एकाचे नाव डेव्हिड ब्रेबेन, दुसऱ्याचे इयन बेल. खेळ निघाला तेव्हा दोघेही विशी-एकविशीचे. त्यांच्याजवळ बीबीसी मायक्रो नावाचा संगणक होता. बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्यासाठी दूरदर्शनवर कार्यक्रम आखला आणि त्याला जोड म्हणून एकॉर्न कंपनीकडून हे यंत्र करवून घेतले. १९८१ च्या अखेरीस ते बाजारात आले. (आपल्या सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांतून संगणक शिकवण्याची 'क्लास' नावाची योजना सुरू केली, तेव्हा देशातल्या निवडक शाळांना दिलेली यंत्रे याच बीबीसी मायक्रो जातीची होती. वाचकांपैकी कोणी त्या काळी अशा शाळेत असेल तर त्याला तो टणक कळफलक आठवेल.)

या यंत्राची स्मृती होती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या फोटोला याच्या शंभरपट जागा सहज लागते. तेवढ्या जागेत या दोघांनी व्यापार, लढाया, पोलीस, चाचे आणि दोन हजारांवर ग्रह बसवले. खेळाचे नाव 'एलिट'.

पहिल्यांदा त्यांच्याजवळ नुसती जहाजांची लढाई होती. पण नुसतेच लढत राहण्याचा कंटाळा येतो. लढायचे तर कशासाठी? गुणांऐवजी पैसे मिळाले तर? पैसे मिळाले तर त्यांतून चांगली तोफ घेता येईल. मग पैसे नुसते लढूनच का, माल विकूनही मिळवता यावेत. अशी एकातून एक गोष्ट निघत गेली.

तयार होत आलेला खेळ घेऊन ते थॉर्न ईएमआय या मोठ्या कंपनीकडे गेले. कंपनीने नकार दिला. खेळाला तीन जीव हवेत, गुण हवेत, दहाएक मिनिटांत तो संपायला हवा, असे त्यांचे म्हणणे पडले. पोरांनी ऐकून घेतले आणि खेळ तसाच ठेवून दुसरे दार ठोठावले. एकॉर्नच्याच 'एकॉर्नसॉफ्ट' या शाखेने तो सप्टेंबर १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडात त्या खेळाने मोठीच खळबळ उडवून दिली. आता नकार देणाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण मोसंबीची बाग मोडून कोणी नवेच फळ लावायला निघाला, तर आपणही त्याला हेच सांगू, की बाबा, बाजारात चालते तेच लाव.

भांडवल शंभर

खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्याजवळ एक जहाज असते. त्याचे नाव कोब्रा. वीस टन माल मावेल एवढी कोठी, एक साधी तोफ, तीन क्षेपणास्त्रे, इंधनाची भरलेली टाकी आणि रोख शंभर क्रेडिट. क्रेडिट म्हणजे तिथला रुपया. तुम्ही उभे असता लेव्ह नावाच्या ग्रहाजवळच्या तळावर. बस्स. यापुढे काय करायचे ते कोणी सांगत नाही. हा राक्षस मार, ती राजकन्या सोडव, असा हुकूम नाही.

पहिल्यांदा खेळणारा इथेच गोंधळतो. भाचा म्हणाला, "पहिल्या दिवशी मी नुसताच भावाचं पान बघत बसलो."

भावाचे पान हा शब्द आबांच्या कानावर पडला आणि ते एकदम सरसावून बसले. ताऱ्यांत त्यांना गम्य नव्हते, पण भावात होते.

"काय भाव हाय?"

भाच्याने पान उघडून दाखवले. लेव्ह हा शेतीप्रधान ग्रह. तिथे धान्य स्वस्त, टनाला चार क्रेडिटच्या आतबाहेर. जवळच झाओन्स नावाचा कारखानदारीचा ग्रह. तिथे तेच धान्य सातच्या आसपास जाते. उलट संगणक, यंत्रे ही कारखान्याची चीज झाओन्सला स्वस्त आणि लेव्हला महाग. शेतीच्या ग्रहावर शेतमाल पडेल भावाने आणि कारखान्याचा माल चढ्या भावाने! आबा म्हणाले, "वर जाऊनबी हीच तऱ्हा!"

भाच्याने पंधरा टन धान्य भरले, साठ क्रेडिट गेले. झाओन्सला विकून एकशे पाच आले. पंचेचाळीस सुटले, त्यातून इंधनाला काही गेले. हिशेब शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. पण मजा पुढेच आहे. या चार पैशांचे करायचे काय, ते तुमचे तुम्ही ठरवायचे. चारशे क्रेडिट साठले की कोठी वाढवून पस्तीस टनांची करता येते. सव्वापाचशेला एक नळकांडे मिळते. ते लावले तर सूर्याच्या अगदी जवळून जाताना इंधन फुकट भरून घेता येते. मात्र फार जवळ गेलात तर जहाज तापून जळून जाते. दीड हजाराला असे यंत्र मिळते की ते जहाज आपोआप तळावर लावते.

हे दीड हजार लोक का खर्च करतात, ते भाच्याची धडपड पाहून कळले. तळ म्हणजे आकाशात गरगर फिरणारा एक डबा. त्याला एकच आडवी फट. आपले जहाज त्याच गतीने फिरवत, बरोबर मधोमध, त्या फटीतून आत न्यायचे. जरा तिरके गेले की ठिकऱ्या. ऊस भरलेली बैलगाडी वाड्याच्या दिंडी दरवाजातून न्यायची, आणि दरवाजा जागच्या जागी फिरतो आहे, असे समजा. लढाईत टिकलेला, चाच्यांना चुकवून आलेला व्यापारी घराच्या दारात येऊन फुटतो. भाचा त्या एका दुपारी चार वेळा फुटला. पाचव्यांदा आत शिरला तेव्हा त्याने सुस्कारा सोडला, आणि आबांनीही सोडला.

या खेळाची खरी गोडी मला इथे दिसली. जहाज एका उडीत सात प्रकाशवर्षांहून दूर जाऊ शकत नाही. (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात जेवढे अंतर कापतो तेवढे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.) पैसा तुटपुंजा. ज्या ग्रहावर कायद्याचे राज्य आहे तिथे वाट सुरक्षित, जिथे अराजक आहे तिथे वाटेत चाचे टपलेले. एकूण काय, मोकळीक पुष्कळ, पण पदरात थोडे. म्हणून प्रत्येक पाऊल विचार करून टाकावे लागते, आणि जे हाती येते ते आपल्या अकलेचे वाटते. खेळाडूला नऊ पायऱ्यांचा एक दर्जा दिला जातो खरा. 'निरुपद्रवी' पासून सुरुवात, आणि शेवटचा 'एलिट' दर्जा मिळवायला सहा हजार चारशे जहाजे पाडावी लागतात. पण तो मिळाला तरी पडद्यावर 'समाप्त' येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तळ, तेच भावाचे पान.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली, ती लपवत नाही. मालाच्या यादीत धान्य, कापड, दारू, सोने यांबरोबर अफू-गांजासारखे अमली पदार्थ आहेत, शस्त्रे आहेत आणि गुलामही आहेत. माणसे, टनावर मोजलेली. खेळ तुम्हांला अडवत नाही. घ्या म्हणत नाही, घेऊ नका असेही म्हणत नाही. पण घेऊन निघालात की तुमच्या नावापुढे 'गुन्हेगार' लागते, पोलिसांची जहाजे मागे लागतात. भाच्याला विचारले, "तू घेतलेस कधी?" तो म्हणाला, "एकदा. फायदा झाला. पण मग प्रत्येक तळाजवळ पोलीस. आणि मलाच कसंतरी वाटलं." हुकूम देणाऱ्या खेळात असे वाटत नाही. तिथे करायला सांगितले म्हणून केले, एवढ्यावर सुटका होते.

एका बियातून आकाश

एवढ्या थोड्या जागेत दोन हजारांवर ग्रह बसवले कसे, हे ऐकण्यासारखे आहे. ते साठवलेलेच नव्हते, पेरलेले होते! संगणकाच्या भाषेतही या गोष्टीला 'बी' हाच शब्द आहे.

एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा ही आकड्यांची माळ पुष्कळांना ठाऊक असेल. मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. युरोपात ती फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदशास्त्रात, म्हणजे लघुगुरूंच्या मांडणीत, ती सांगितलेली आहे. आता अशा माळेतल्या प्रत्येक आकड्याचा फक्त शेवटचा अंक ठेवा. वरवर पाहणाऱ्याला ते अंक कसेही टाकल्यासारखे वाटतील. पण सुरुवातीचे आकडे तेच ठेवलेत तर माळ दर वेळी हुबेहूब तीच येणार. बेल आणि ब्रेबेन यांनी याच जातीची युक्ती केली. सुरुवातीचे काही आकडे हे बी. त्यातून बेरजा करत गेले की ग्रहाची जागा, तिथले राज्य, शेती की कारखाने, लोकसंख्या, सगळे निघते. दोन-दोन अक्षरांचे तुकडे जोडून नावही निघते: लेव्ह, डिसो, लीस्टी. चार ओळींचे वर्णनही त्यातूनच. लेव्ह हा ग्रह घनदाट पावसाळी जंगलांसाठी आणि तिथल्या झाडांवरच्या अळीसाठी प्रसिद्ध आहे, असे ते वर्णन सांगते. अळीसाठी प्रसिद्ध असलेला शेतीप्रधान ग्रह! आमच्या शेजाऱ्यांना त्यात काही नवल वाटले नाही.

असे दोनशे छप्पन्न ग्रह एका दीर्घिकेत, आणि अशा आठ दीर्घिका. बियाचे अंक थोडे फिरवून घेतले की पुढची दीर्घिका तयार. या रीतीने दोनशे ऐंशी लाख कोटींहून अधिक दीर्घिका निघू शकत होत्या. प्रकाशक म्हणाले, आठ पुरेत. मला वाटते, ते शहाणपणाचे बोलले. हे का म्हणतो ते पुढच्या एका गोष्टीवरून कळेल.

ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडातल्याच हेलो गेम्स या छोट्या मंडळींनी 'नो मॅन्स स्काय' नावाचा खेळ काढला. त्यात ग्रह किती? अठरावर अठरा शून्ये. खेळ यायच्या आधी लोकांनी त्याची अशी वाट पाहिली की विचारू नका. आणि आल्यावर पुष्कळांनी कपाळाला हात लावला. ग्रह अगणित, पण चारदोन पाहिले की पाचव्यावर नवे काही करायला सापडेना. चिडलेल्या लोकांनी त्या मंडळींवर शब्दांचा मारा केला. त्यांचे कौतुक एवढे, की ते पळाले नाहीत. पुढची कित्येक वर्षे फुकट भर घालत घालत त्यांनी खेळ सुधारला आणि गेलेले लोक परत आणले. पण पहिल्या दिवसाचा धडा खराच होता. नुसत्या विस्ताराने माणूस रमत नाही. हजार एकर माळ दिला, आणि विहीर नाही, बी नाही, बैल नाही, तर त्याचे करायचे काय?

याच जातीतला, पण वेगळ्या वाणाचा खेळ मेक्सिकोत तयार झाला. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम', २०११ साली लोकांपुढे आला. त्यात व्यापार नाही. सुटे भाग जोडून अग्निबाण करायचा आणि उडवायचा. पहिले दहा जमिनीवरच फुटतात. वर गेलेच तर कक्षेत राहायला किती वेग लागतो, कुठे इंधन जाळले की कक्षा लांबते, हे ठेचा खात शिकावे लागते, कारण गणित बरेचसे खऱ्या आकाशाचेच आहे. जुलै २०२३ मध्ये आपले चांद्रयान-३ सरळ चंद्राकडे न जाता पृथ्वीभोवतीच फेऱ्या का मारते आहे, असे आमच्या पारावर मंडळी विचारत होती. हा खेळ खेळलेल्या पोरांना ते विचारावे लागले नाही. फेरी लांबवत लांबवत थोड्या इंधनात कसे निसटायचे, हे त्यांनी हाताने करून पाहिलेले होते.

इर्जिक आणि दिंडी

ब्रेबेन पुढे याच धंद्यात राहिला. १९९३ साली त्याने 'एलिट'चा दुसरा भाग काढला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये 'एलिट डेंजरस'. या शेवटच्यासाठी त्याने आधी लोकांकडूनच वर्गणी मागितली होती. २०१२ च्या अखेरीस मागायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांत पंधरा लाख पौंडांवर जमले. लहानपणी पहिला 'एलिट' खेळलेली आणि आता केस पिकलेली माणसे त्यांत पुष्कळ होती.

या खेळात आपली सगळी आकाशगंगा उभी केली आहे. सुमारे चाळीस हजार कोटी सूर्य. शास्त्रज्ञांच्या याद्यांतले तारे त्यांच्या जागी, बाकीचे नियमाने भरलेले. आणि जगभरचे खेळाडू एकाच आकाशात एकाच वेळी फिरत असतात. तरी जागा एवढी प्रचंड, की चोहोकडे एकटेपणच. अशा ठिकाणी इंधन संपले म्हणजे? जहाज जागच्या जागी थंड होत जाते.

तर २०१५ मध्ये काही खेळाडूंनी आपण होऊन एक टोळी केली. नाव ठेवले 'फ्युएल रॅट्स', म्हणजे इंधनवाले उंदीर. कोणी अडकल्याची हाक दिली की यांतला जो जवळ असेल तो निघतो, तिथवर जातो, आपल्या टाकीतले इंधन देतो आणि परततो. मोबदला काही घेत नाहीत. आजवर हजारो जहाजे त्यांनी अशी सोडवली. खेळ करणाऱ्यांनी हे काम नेमून दिलेले नव्हते. आपल्याकडे नांगरट खोळंबली की इर्जिक घालतात, सारा गाव बैल घेऊन बांधावर येतो. निदान जेवण तरी असते. इथे तेही नाही. मला वाटते, वरून हुकूम असता तर ही गोष्ट उगवलीच नसती.

दुसरी गोष्ट दूरच्या प्रवासाची. २०१६ साली हजारावर खेळाडू मिळून आकाशगंगेच्या पलीकडच्या काठावरच्या एका ताऱ्याकडे निघाले. डार्विनच्या जहाजावरून त्या ठिकाणाला बीगल पॉइंट म्हणतात. अंतर पासष्ट हजार प्रकाशवर्षे. एका उडीत थोडेच अंतर कापता येते, त्यामुळे प्रवास काही महिन्यांचा. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा निघाले, तेव्हा तेरा हजारांवर नावे नोंदली होती. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मुक्कामाला जमायचे, पुढे निघायचे. पंढरीच्या वाटेशी याची बरोबरी करणे बरे नव्हे, पण मुक्काम मोजत जाणाऱ्या दिंड्या डोळ्यांपुढे आल्याखेरीज राहिल्या नाहीत. टोकाला पोचल्यावर बक्षीस काय? काही नाही. तिथून आकाशगंगा मागे वळून पाहायची.

आणि गमवायचे मात्र पुष्कळ. वाटेत पाहिलेल्या ग्रहताऱ्यांच्या नोंदी विकून पैसे मिळतात, नव्या शोधाला आपले नावही लागते. पण नोंदी जमा करायच्या आत जहाज फुटले तर सगळ्या गेल्या. जहाजाला विमा आहे, किमतीचा विसावा हिस्सा भरून नवे मिळते. नोंदींना विमा नाही. तीन महिने फिरून आलेला माणूस परतताना एखाद्या जड ग्रहावर जरा जोरात उतरतो आणि संपतो. काढणीच्या आदल्या रात्री गारपीट झालेल्या माणसाला हे दुःख खेळातले असले तरी हसण्यासारखे वाटणार नाही.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. ज्या खेळाला शेवट नाही, त्याला उठायची वेळही नाही, हे खरे. पाळणेवाला उतरवत नाही, आपणच उतरायचे. अभ्यास, झोप, शेतातले काम सोडून कोणी त्यातच बुडत असेल तर ते व्यसनच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ पासून अशा अवस्थेला आजारांच्या यादीत घेतले आहे. पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे डाव ही तर निराळीच जात. त्यांवर आपल्या देशात २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे, आणि त्यांची गाठ या खेळांशी घालू नये. पण पोर पडद्यासमोर बसले की सरसकट ओरडू नका. आधी शेजारी बसून विचारा, काय करतो आहेस. काही पोरे गोळ्या झाडत असतील. काही पोरे भाव बघत असतील.

आबांनी तेच केले. सुट्टी संपायच्या आदल्या दुपारी भाचा पुन्हा झाओन्सला धान्य टाकून लेव्हला परत आला. फटीतून या वेळी पहिल्याच झटक्यात आत. मोठ्या खुशीत त्याने आबांकडे पाहिले. आबा पडद्यावरच्या कोठीच्या आकड्याकडे पाहत होते.

"येताना गाडी मोकळीच आणलीस?"

"पैसे थोडेच होते आबा. म्हटलं, धान्याची अजून एक खेप झाली की..."

"आरं, आम्ही कोल्हापूरला गूळ टाकला की येताना कधी मोकळं आलो न्हाई. कौलं भरायचो, मीठ भरायचो. बैलाला दोन्हीकडं चालायचंच हाय. ते यंत्र तिकडं कितीला म्हणलास?"

"संगणक? सदुसष्टच्या आसपास. इकडं नव्वदला जातो."

"मग एक तर आणायचा हुतास."

भाचा हिशेब करू लागला. आबांनी पानाचा डबा बाजूला सारला आणि खुर्ची जरा पडद्याजवळ ओढून घेतली.